शैलाच्या भिंतीवरच्या चाव्या

नमस्कार मंडळी.

भर उन्हात, आपापली कामं टाकून तुम्ही सगळे आलात. पार्किंगमधल्या गाड्या कुणीतरी सकाळीच हलवल्या, सतरंज्या घातल्या, शैलाच्या फोटोला हार आणला. मला कशाला हात लावू दिला नाही. काका, तुम्ही बसा, म्हणाले. म्हणून बसलो होतो. आता उभा राहिलोय. सांभाळून घ्या.

चाळीतल्या बायांनो, तुम्ही तिकडे खांबापाशी का उभ्या? पुढे या. ही सतरंजी तिच्यासाठी घातलीय, आणि तिला असं कडेला उभं राहिलेलं चालायचं नाही. या. बसा. सरिता, तूही ये. तुझ्याशी मला बोलायचंच आहे, पण शेवटी.

मी शैलाचा नवरा. हे सांगावं लागतंय, कारण तुमच्यातले निम्मे लोक मला 'शैलाकाकूंचे मिस्टर' म्हणूनच ओळखतात. साळवी आडनाव आहे माझं. एकदा ऐकून ठेवा.

मघापासून तुम्ही बोलताय आणि मी ऐकतोय. कुणी म्हणालं, काकू मला आईसारखी. कुणी म्हणालं, बहिणीसारखी. कळंबच्या किनाऱ्याहून आपल्याकडे मासे घेऊन येणारी मावशी रडत रडत म्हणाली, "काकू सांगायची, आमच्या ह्यांना बोंबील कुरकुरीत लागतात, पानी नीट काढून दे." म्हणजे माझ्या बोंबलांची चर्चासुद्धा फाटकाशी उभं राहून होत होती. मला पत्ता नाही.

मंडळी, अशा सभेत बोलताना माणसानं चांगलंचुंगलं बोलावं. ती कशी प्रेमळ होती, कशी हसतमुख होती. ते तुम्ही बोललात, आणि सगळं खरं आहे. पण मला इथे बसल्या बसल्या जे वाटत होतं, ते दु:ख नव्हतं. दु:ख घरी वाटतं. इथे मला हेवा वाटत होता. तुमचा हेवा वाटत होता. जळत होतो मी. तुम्ही एकेक जण उठून तिची एकेक गोष्ट सांगत होतात, आणि त्यातली अर्धीअधिक मला ठाऊक नव्हती. माझी बायको आणि गोष्टी तुमच्याकडे! हा काय न्याय झाला?

माझी मुलगी तिथून डोळ्यांनी दटावतेय, बाबा, आवरा. नाही आवरणार. आज मला बोलू द्या.

आमच्या घरात शिरलं की उजव्या हाताला एक भिंत आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलीय. त्या भिंतीवर आधी माझा फोटो होता. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसनं शाल पांघरवली, त्याचा. एक दिवस मी बाहेरून आलो, तर फोटो कपाटावर आणि भिंतीवर खिळेच खिळे. आणि खिळ्यांना चाव्या. लाल दोऱ्याची, हिरव्या दोऱ्याची, बांगडीचा तुकडा बांधलेली, एकीला तर मुलाच्या बुटाची नाडी. मी म्हटलं, "अगं, हे काय? कुलपांचं दुकान काढलंस?" ती म्हणाली, "चाळीतल्या बायकांनी आणून दिल्या, खोल्यांच्या. राहू देत." मी म्हटलं, "आणि माझा फोटो?" ती म्हणाली, "तुम्ही समोर असताना फोटो कशाला हवा?"

त्या चाव्या आल्या कशा, ते सगळ्यांना ठाऊक नसेल. इथे बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेलेही बसलेत. त्यांच्यासाठी सांगतो.

आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चाळ आहे. चाळीच्या मागे नाला. चाळीतली नवरा-बायको दोघंही वालीवला कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जातात. कुणी प्लास्टिकच्या मशीनवर, कुणी पॅकिंगला. ही सरिता जालन्याकडची. तीही तिथेच जाते. तिची पोर लहान, गुड्डी. सांभाळायला घरात कुणी नाही. मग सरिता काय करायची? पोरीला खाऊ द्यायची, टीव्ही लावून द्यायची आणि बाहेरून कुलूप घालून कामावर जायची. शैलानं एकदा विचारलं, "अगं, कोंडून कशी ठेवतेस?" तर ही म्हणाली, "काकू, दार उघडं ठिवलं तर नाल्याकडं जाती ना ती. बुडली म्हंजी?" पोर पाण्यात जाऊ नये म्हणून कुलूप. आणि चाळीत ही एकटी नव्हती. दर दोन-तीन खोल्यांआड एक कुलूप असंच होतं.

मग एका पावसाळ्यात दुपारी नाला वर आला. फार मोठा पाऊस नव्हता तो. आपल्या इथे तर नुसती फाटकाशी डबकी झाली होती. पण चाळीत पाणी शिरलं, आणि गुड्डी आत, कुलूप बाहेर, आणि चावी वालीवला सरिताच्या कमरेला. पोर ओरडत होती. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी वरवंटा आणला आणि कुलपावर घातला. हात सोलवटले त्यांचे, पण कुलूप तुटलं. गुड्डी भांड्यांच्या मांडणीवर चढून बसली होती. तिथून ती उतरेना. शैलानं तिला उतरवलं.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसून व्याख्यान झोडत होतो. मी म्हणत होतो, हे सगळं पावसामुळे. मग म्हणालो, पावसामुळे नाही, नाल्यामुळे. मग म्हणालो, नाल्यामुळेही नाही, इथली भातशेती बुजवली, मिठागरं बुजवली, पाण्याला जायला जागाच ठेवली नाही, त्यामुळे. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आपली बिल्डिंग पण भरावावरच आहे ना हो? आपण पाच पायऱ्या वर आलो, तर आपल्या वाट्याचं पाणी कुठे गेलं?" मग म्हणाली, "तुम्ही म्हणता ते सगळं खरंच आहे. तक्रारीचे अर्ज करा, मी सही करते. पण नाला काय पुढच्या पावसापर्यंत रुंद होत नाही. तोवर ती पोरगी परत आत असेल आणि कुलूप परत बाहेर."

आणि मंडळी, इथून माझ्या घरात दुसरा माणूस शिरला असं मला वाटायला लागलं. म्हणजे चाळ शिरली. जेवायला बसलं की चाळ. झोपायला गेलं की चाळ. कुणाचा नवरा रात्रपाळीला आहे आणि दिवसा गाढ झोपतो, त्याला हाका ऐकू जाणार नाहीत. कुणाच्या सासूला चालता येत नाही. कुणाला आठवा महिना लागलाय. मी म्हणायचो, "माझं ब्लडप्रेशर किती आहे, ते तरी ठाऊक आहे का तुला?" ती आकडा सांगायची. बरोबर सांगायची. म्हणजे भांडायलाही जागा नाही.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू दरवर्षी व्हायचं, बिल्डिंगपुरतं. त्या वर्षी ती म्हणाली, चाळीतल्या सगळ्या बायका बोलवायच्या. सवाष्ण आहे का, नवरा सोडून गेलाय का, वारलाय का, काही बघायचं नाही. सगळ्या. आणि वाण लुटायला मला बाजारात पाठवलं. कशाला? कीचेन आणायला! मी म्हटलं, "अगं, लोक स्टीलच्या वाट्या देतात, डबे देतात. कीचेन कसलं वाण?" ती म्हणाली, "दोन रिंगवाल्या बघून आणा." स्टेशनाबाहेरच्या दुकानात मी कीचेन निवडत उभा राहिलो. दुकानदार विचारतो, काका, शाळेसाठी का? मी म्हटलं, हो, शाळेसाठी. काय सांगणार होतो?

बायका आल्या. आमच्या छोट्या हॉलमध्ये मावेनात. मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, तिळगूळ भरून द्यायला. तिथून मी ऐकत होतो. हळदीकुंकू लावताना ती प्रत्येकीला सांगत होती, "ह्या दोन रिंगा आहेत. एकीत तुझी चावी घाल. दुसरी चावी बनवून घे आणि दुसऱ्या रिंगेत घाल, ती मला आणून दे." घराची चावी कुणी देतं का हो? ज्या बिल्डिंगच्या फाटकातून आत यायचं तर वॉचमन दहा प्रश्न विचारतो, त्या बिल्डिंगमधल्या बाईला? मी आत मनातल्या मनात म्हटलं, एकही येणार नाही. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरिता आली. लाल दोऱ्याची चावी तिची. मग हळूहळू बाकीच्याही आल्या, आणि माझा फोटो कपाटावर गेला.

आता माझ्या जळण्याची खरी कहाणी ऐका. एकदा मी बाहेरून आलो, तर दाराला कुलूप. माझ्याकडे चावी नाही. ती कायम घरी असायची, मला चावी कधी लागलीच नव्हती. फोन केला, तर ती कुणाला तरी घेऊन डॉक्टरकडे. म्हणाली, "खाली चाळीत जा. सरिताकडे आपली चावी आहे." आपली चावी? सरिताकडे? म्हणजे साऱ्या चाळीच्या चाव्या माझ्या भिंतीवर, आणि माझ्याच घरात शिरायला मला चाळीत जाऊन उभं राहायचं! गेलो. त्याआधी कधी गेलो नव्हतो मी तिथे. गुड्डीनं डाळीच्या डब्यातून चावी काढून खिडकीतून दिली आणि विचारलं, "काकाजी, तुमको कोंडून ठेवलं क्या?"

रात्री मी शैलाला फैलावर घेतलं. माझ्या घराची चावी मला न विचारता दिलीस? ती म्हणाली, "आपण नुसत्या त्यांच्या घेत राहिलो तर ती वॉचमनगिरी झाली. आपलीही त्यांच्याकडे असली म्हणजे शेजार झाला." मी म्हटलं, "आपल्याला त्यांची काय गरज पडणार आहे? आपण वर राहतो. आपल्याकडे पाणी येत नाही." ती हसली. तिच्या त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

आणि मग तो पाऊस आला. इथल्या कुणाला त्याबद्दल सांगायची गरज नाही. लाईट गेली, फोन गेले, रस्ता आणि नाला एक झाला. वालीवला गेलेली माणसं तिकडेच अडकली. दुपारची वेळ होती, पण अंधारून आलं होतं. शैलानं पदर खोचला, भिंतीवरच्या सगळ्या चाव्या काढून पिशवीत घातल्या, पिशवी गळ्यात अडकवली आणि निघाली. मी गॅलरीतून ओरडलो, "शैला, परत ये! तुझं वय काय, करतेस काय!" तिनं वरसुद्धा बघितलं नाही. आणि चाळीच्या खिडक्याखिडक्यांतून हाका ऐकू यायला लागल्या. काकू! काकू! शैलाकाकू! माझ्या हाकेला ओ नाही, आणि त्या हाकांना ती म्हणत होती, "आले गं, आले!"

मी खाली उतरलो. पाणी गुडघ्याला लागलं. ती भिंतीच्या पलीकडे कमरेएवढ्या पाण्यात, कडेवर एक पोर. ते भिंतीवरून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "धरा." त्या अख्ख्या दुपारी माझ्याशी ती एवढंच बोलली. धरा. मी धरत गेलो आणि जिन्यावर उभ्या असलेल्यांकडे देत गेलो. अगदी शेवटी तो रात्रपाळीवाला झोपाळू आला, लुंगीवर, चेहरा असा की स्वप्नच चाललंय. एकही कुलूप फोडावं लागलं नाही. एकही पोर मांडणीवर चढलं नाही. पाऊस तोच, नाला तोच, भरावही तोच. फरक इतकाच, की कोण कुठे आहे हे एका बाईला ठाऊक होतं आणि तिच्या गळ्यात चाव्या होत्या.

वर येऊन बघतो तर माझ्या खुर्चीत दोघं, पलंगावर सहा, माझ्या धोतराने कुणीतरी डोकं पुसतंय, आणि गुड्डी तिच्या मांडीवर झोपलेली. मला बसायला जागा नाही. मी दारात उभा, चिंब भिजलेला. मला वाटलं, ती म्हणेल, अहो, तुम्ही आधी अंग पुसा. ती म्हणाली, "अहो, पोहे भिजवा. सगळे."

आता सरिता, तुझ्याशी बोलायचंय.

ती गेली त्या दिवशी मी डोळे तपासायला मुंबईला गेलो होतो. रोज पाणी भरायच्या वेळेला शैला गॅलरीत येऊन तुला हाक मारायची. त्या दिवशी हाक आली नाही. तू वर आलीस. बेल वाजवलीस. दार उघडलं नाही. तेव्हा डाळीच्या डब्यातली आमची चावी तू आणलीस आणि माझं घर उघडलंस. ती ओट्याखाली पडली होती. तू तिचं डोकं मांडीवर घेतलंस. पाणी पाजलंस. रिक्षा बोलावलीस. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मी तुला विचारलं होतं, ती शेवटी काय बोलली? तू सांगत नव्हतीस. मग म्हणालीस, "काकू म्हनल्या, दार लावून घे, मांजर दूध पिईल." एवढा संसार केला मी तिच्याबरोबर, आणि तिचं शेवटचं वाक्य मांजराबद्दल. आणि तेही मला नाही, तुला. शेवटचं पाणी तू पाजलंस. मला तुझा हेवा वाटतो, सरिता. सगळ्यांत जास्त तुझा. सगळ्यांदेखत सांगतो, आयुष्यभर वाटणार आहे. पण तुझ्याकडे ती चावी नसती, तर ती एकटीच त्या फरशीवर… नाही. मी बोलतो. थांबा जरा. बोलतो.

तेरावं झालं आणि तुम्ही एकेक जण यायला लागलात. काका, चावी घेऊन जाऊ का? मान खाली घालून. मला कळतं. घरात बाईमाणूस राहिलं नाही. एकट्या पुरुषाच्या भिंतीवर बाईनं आपल्या खोलीची चावी कशी ठेवायची? लोक काय म्हणतील? तुम्ही चुकीचं केलं नाहीत. मी एकेक चावी काढून दिली. पण दिवसाला दोन-तीन खिळे मोकळे व्हायला लागले, तेव्हा मला माझा फोटोसुद्धा परत तिथे लावावासा वाटेना. तिच्यावर एवढा विश्वास. आणि माझ्यावर? पोरं भिंतीवरून घेतली कुणी हो?

काल सरितासुद्धा आली. आमची चावी परत द्यायला. मी घेतली नाही. रात्रभर विचार करत राहिलो, का घेतली नाही. मंडळी, मी वर राहतो. माझ्याकडे पाणी येत नाही. माझी मुलगी पुण्याला आहे. मी रात्री आतून कडी लावतो आणि सकाळी काढतो, आणि मधल्या वेळात मला काही झालं, तर कुणाला कळणार? भरावावरच्या पाच पायऱ्या मला काय कामाच्या? आज या सबंध वस्तीत दाराआड अडकलेला माणूस मी आहे.

म्हणून मागतो. पाऊस तोंडावर आलाय. पोरं अजून कोंडलेली आहेत, नाला अजून तेवढाच आहे. नाल्यासाठी अर्ज मी करीन, कचेरीत जाऊन बसायला आता मला वेळच वेळ आहे. पण चाव्या परत द्या. माझ्याकडे एकट्याकडे नको वाटत असेल, तर इथल्या तळमजल्यावरच्या वहिनींनी भिंत द्यावी, मी खिळे ठोकून देतो. येती संक्रांत माझ्या घरी करा. बोलावणं सरिता करेल, हळदीकुंकू ती लावेल, आणि मी आत बसून तिळगूळ भरून देईन. वाणाच्या कीचेन कुठल्या दुकानात मिळतात, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आणि सरिता, आमची चावी तुझ्याच डाळीच्या डब्यात राहू दे. आजपासून मी आतून कडी लावणार नाही, नुसतं लॅच ओढीन, म्हणजे बाहेरून चावीनं उघडेल. सकाळी पाणी भरताना गॅलरीत मी दिसलो नाही, तर वर ये. मला हाक मारता येत नाही तिच्यासारखी, पण मी उभा राहीन.

आता सगळे उठून उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. पोरं बोलली तर बोलू देत, तिला चालायचं. आणि ज्यांनी आज चाव्या बरोबर आणल्या असतील, त्यांनी जाता जाता तिच्या फोटोपाशी ठेवून जा.

शैला, फार जाळलंस मला. आता या माझ्याकडे येतील, माझ्याच नावानं हाका मारतील. बघ मग तुला कसं वाटतं.